किटोवरचं मूल, श्रावण आणि सासूबाई : तुम्ही कसं जमवता?

हळदीची_पेठ
५ ऑगस्ट, रात्री ११:५२

लिहू की नको करत तीन दिवस घालवले. मी इथे वाचनमात्रच असते, पाककृतींचे धागे सोडले तर कुठे प्रतिसादही दिलेला नाही. पसरट झालं तर सांभाळून घ्या.

लेक साडेतीन वर्षांचा. इथे त्याला टिल्लू म्हणू. जन्मल्यावर दोन दिवस तो नीट दूध ओढत नव्हता. पहिलटकरणीला दूध उशिराच येतं म्हणून सगळे निवांत, मीही निवांत. तिसऱ्या दिवशी अंग ढिलं पडलं, रक्तातली साखर बघितली तर २५. पुढे एमआरआयमध्ये कळलं की मेंदूच्या मागच्या भागाला, जिथे दिसण्याचं काम चालतं तिथे, इजा झालीय. डोळे चांगले आहेत, पण त्यांनी पाहिलेलं आत नीट पोचत नाही.

सहाव्या महिन्यात नवीन सुरू झालं. झोपेतून उठला की मान खाली जायची, दोन्ही हात वर फेकल्यासारखे व्हायचे. एक सेकंद. परत तेच. ओळीने दहा-बारा वेळा, आणि मग भोकाड. 'पोटात मुरडा येतोय', 'दचकतंय पोर'. बेंबीला हिंग लावला. पाच आठवडे आम्ही हिंग लावत होतो.

ते वेस्ट सिंड्रोम निघालं, तान्ह्या बाळांना येणाऱ्या फिटचा एक प्रकार. ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख काढायला, रात्रभर जागवून नेलं होतं. पेस्ट लावून डोक्याला वायरी चिकटवल्या, ती पेस्ट केसातून निघायला चार दिवस लागले. मग मांडीत एसीटीएच या हार्मोनची रोज इंजेक्शनं, तोंड सुजून टम्म, रात्रंदिवस भूक आणि रड. मग व्हिगाबॅट्रिन, मग आणखी दोन औषधं. थांबायचं, परत यायचं. यंदा मार्चमध्ये महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला नेऊन आठवडाभर ॲडमिट केलं आणि किटोजेनिक आहार सुरू केला.

वजन उतरवायला लोक करतात ते हे किटो नव्हे. टिल्लूचं प्रमाण चारास एक आहे. म्हणजे प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून एक ग्रॅम, तर त्याला चार ग्रॅम स्निग्ध पदार्थ. दिवसभरात कर्बोदकं आठ ग्रॅम. एका साध्या पोळीत याच्या दुप्पट तरी असतात. तूप, खोबरेल, पनीर, अंडं, साय, अक्रोड, दुधीच्या चार फोडी. सगळं ग्रॅमवर तोलून. नवऱ्याने त्यासाठी सराफकट्ट्यावरून काटा आणलाय. वाटीला लागलेलं तूपसुद्धा रबरी उलथन्याने निपटून त्याच्या तोंडात घालायचं, नाहीतर हिशेब चुकतो. बेदाण्यांच्या मुलखात राहून पोराला एक बेदाणा देता येत नाही.

पण गुण आलाय. दिवसाला तीस-चाळीस झटके यायचे, ते जुलैत दोन-तीनवर आले होते. मांडी घालून बसायला लागला.

आता मुद्दा. शनिवारी सत्यनारायण होता. मी आत पुरणाच्या पोळ्यांत. बाहेर आले तर सासूबाईंच्या मांडीवर टिल्लू आणि त्यांचं बोट त्याच्या तोंडात. शिरा. म्हणाल्या, "अगं बोटभरच दिला. प्रसादाला नाही म्हणायचं का?" रात्री लघवीची पट्टी बघितली, चरबी जळून होणारे किटोन किती आहेत ते तिच्यावर कळतं. रोज गर्द जांभळी होते, ती फिकट गुलाबी. रविवारी पहाटे ओळीने एकवीस झटके. मी मोजले.

मी आवाज चढवला. पाहुण्यांसमोर. म्हटलं, "त्याला मारायचंय का तुम्हाला?"

तेव्हापासून त्या खोलीत ताट नेऊन जेवतात. टिल्लूला हात लावत नाहीत. सासरे टीव्हीचा आवाज वाढवतात. नवरा दोघींच्या मध्ये. आणि तो पोरगा आजीच्या दाराकडे तोंड करून बसतो. सासूबाईंचं कुंकू रुपयाएवढं असतं. आयुष्यात तो पहिल्यांदा कशाकडे टक लावून बघत राहिला असेल तर त्या कुंकवाकडे.

येत्या शनिवारी नारळी पौर्णिमा, मग गोपाळकाला, मग गणपती-गौरी. एकत्र कुटुंबात हा आहार कसा सांभाळता? घरच्यांना कसं समजावता? ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी लिहावं.

———

रानजाई
६ ऑगस्ट, सकाळी ७:१०

वाचून काटा आला. तू काहीही चुकीचं बोलली नाहीस. मी असते तर बोट धरून बाहेर काढलं असतं. 'बोटभरच', 'एक दिवसानं काय होतंय', 'आम्ही नाही का मुलं वाढवली', ही तीन वाक्यं ऐकून ऐकून माझे कान किटलेत (माझ्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, प्रकरण तुझ्या मानाने किरकोळ). स्वयंपाकघराला कुलूप लाव म्हणेन.

———

शंभरनंबरी
६ ऑगस्ट, सकाळी ९:३४

ताई, एवढी विषारी औषधं आणि वर तेलतूप, लिव्हर जाईल बाळाचं. आमच्याकडे एक जण झाडपाल्याचं देतात, अमावस्येला तीन डोस. मात्र आधीची सगळी औषधं आठ दिवस बंद करावी लागतात. शेकडो मुलं बरी झालीत. नंबर व्यनि (खासगी निरोप) करू का?

———

अर्धाकप
६ ऑगस्ट, सकाळी ९:५८

शंभरनंबरी, कृपया हे इथे नको. मी बालरोगतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. फिटची औषधं अचानक बंद केली की न थांबणारे झटके येऊ शकतात. अशी 'आठ दिवस बंद' केलेली मुलं मी रात्री दोन वाजता पाहिली आहेत. संपादकांनी वरचा प्रतिसाद ठेवला तर त्याखाली माझाही ठेवावा.

हळदीची_पेठ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. एक विचारायचंय. शनिवारच्या आधी दोन-तीन दिवस टिल्लूला ताप, सर्दी, जुलाब, काही होतं का? आणि असेल तर औषध कुठलं दिलं, पातळ की गोळी?

शिऱ्याने झालं नसेल असं मी म्हणत नाही. या आहारात साखर आत गेली की काही मुलांचे किटोन तासाभरातही खाली येतात. पण बोटाला लागलेला शिरा म्हणजे किती? चार-पाच ग्रॅम, त्यात कर्बोदकं दोन-तीन ग्रॅम. मुलांच्या साध्या गोड सिरपच्या एका चमच्यात तेवढी साखर सहज असते. शिवाय नुसता ताप आला तरी झटके वाढतात. बाटली घरात असेल तर बघा.

———

दोनवेळचा_बाप
६ ऑगस्ट, दुपारी १:२०

आमची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. तीन ते पाच किटोवर होती. साधारण दोन वर्षं करतात आणि मग हळूहळू उतरवतात, तसंच केलं. झटके पूर्ण गेले नाहीत. महिन्याला एखादा. आम्ही त्यात राहतो.

डाएटबद्दल घरात पहिली शंका मलाच होती. चरबी खाऊन फिट थांबते हे पटेचना. मग वाचत बसलो. ही पद्धत १९२१ची, अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये सुरू झालेली. उपास केला की फिट कमी होतात हे लोकांना पूर्वीपासून माहीत होतं, पण लेकराला किती दिवस उपाशी ठेवणार? तेव्हा जेवू घालून शरीराला उपासात असल्याचं भासवायचं, अशी ती कल्पना. पुढे नवी औषधं आली आणि मागे पडली. २००८मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी औषधांना दाद न देणाऱ्या १४५ मुलांवर रीतसर चाचणी केली. तीन महिन्यांनी आहारावरच्या गटात ३८ टक्के मुलांचे झटके निम्म्याहून कमी झाले, नुसत्या औषधांवरच्या गटात ६ टक्क्यांचे. माझ्या आईला मी हे आकडे सांगितले. ती म्हणाली, "मग उपासच म्हण की रे सरळ." त्या दिवसापासून आमच्या घरात 'किटो' हा शब्दच नाही. मुलीचा उपास आहे. उपास मोडायचा नसतो हे शेजारच्यांनाही कळतं.

थोडं अवांतर. वेस्ट सिंड्रोममधला वेस्ट हा इंग्लंडमधला एक साधा गावडॉक्टर. १८४१मध्ये त्याने 'लॅन्सेट'ला पत्र लिहिलं, स्वतःच्या तान्ह्या मुलाबद्दल. पोरगं कसं पुढे वाकतं, किती वेळा, काय काय करून पाहिलं, कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी लिहिलंय की कुणाला यातलं काही माहीत असेल तर कळवा, आभारी राहीन. रात्री बाराला तुझी पोस्ट वाचताना तेच पत्र आठवलं.

कामाचं म्हणशील तर फ्रिजवर एक कागद लाव, जाड अक्षरात, मराठीत. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर फिट थांबवणारा नाकातला मिडाझोलम स्प्रे आणि दवाखाना. तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेला डोस त्यावर असू दे. दुसरा कागद पर्समध्ये, इंग्रजीत, डॉक्टरांच्या सहीचा: हे मूल किटोजेनिक आहारावर आहे, न विचारता ग्लुकोजचं सलाईन लावू नका. गावोगावच्या कॅज्युअल्टीत पहिली बाटली बहुधा तीच लागते.

———

हळदीची_पेठ
७ ऑगस्ट, रात्री १२:४१

अर्धाकप, बाटली बघितली.

गुरुवारी संध्याकाळपासून टिल्लूचं अंग कोमट होतं, नाक वाहत होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे मी साखरेशिवायचंच लिहून घेते. ते गावाला गेलेले. घरात तापाच्या औषधाची बाटली होती, वहिनी तिच्या मुलासाठी आणलेली विसरून गेली होती. तीच दिली. शुक्रवारी तीनदा, शनिवारी दोनदा. मी. माझ्या हाताने. संत्र्याचा वास येत होता आणि मला एकदाही सुचलं नाही. पूजेची तयारी चालली होती, डोकं पुरणात होतं.

लेबलवर बारीक अक्षरात 'चवीसाठी सरबताचा बेस' आहे. चष्मा लावून वाचलं.

म्हणजे पाच चमचे मी दिले आणि त्यांनी एक बोट.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईला सांगू नकोस आता, झालं गेलं." मला कळत नाही काय करू.

———

अर्धाकप
७ ऑगस्ट, सकाळी ८:०५

स्वतःला फासावर चढवू नका. ताप, सिरप, शिरा, तिन्ही एकाच दोन दिवसांत. कशामुळे किती हे कुणी सांगू शकणार नाही. गोड सिरपऐवजी डॉक्टरांना विचारून गोळी कुटून किंवा गुदद्वारातून द्यायची औषधं घरात ठेवा, टूथपेस्ट आणि मल्टिव्हिटॅमिनचीही लेबलं तपासा. मूतखडा होऊ नये म्हणून पाणी भरपूर. बद्धकोष्ठ असेलच, त्याचं वेगळं लिहितो.

———

कृष्णाकाठ
७ ऑगस्ट, सकाळी १०:१५

मी इथे बहुतेक वयाने मोठी असेन. टायपिंगला वेळ लागतो, चुका पोटात घाला.

मी त्या 'बोटभर' देणाऱ्यांपैकी आहे. माझ्या नातीला हृदयाचा आजार होता, पाणीसुद्धा मोजून. मी दिलं होतं. सुनेला अजून माहीत नाही. नात आता बरी आहे म्हणून इथे लिहायचं धाडस होतंय.

का दिलं ते सांगते. पोर घरात आलं तेव्हा मी तेल लावायची, न्हाऊ घालायची, भरवायची. मग दवाखाना आला. तेल लावू नका, असं धरू नका, हे खायला नको. एकेक काम माझ्या हातातून काढून घेतलं. बरोबरच होतं सगळं. पण मग मी त्या घरात कोण? देव्हाऱ्यापुढे बसून जप करणारी बाई. सुनेच्या हातात काटा, वही, पट्ट्या, आणि माझ्याकडे काय? तर प्रसाद.

बाई, तू त्यांना समजावू नकोस. त्यांना समजलेलं आहे, पहाटे एकवीस वेळा त्यांनीही मोजलं असेल भिंतीपलीकडून. त्यांना काहीतरी करायला दे. आणि बाटलीचं सांग. नवरा नको म्हणत असला तरी सांग.

———

रानजाई
७ ऑगस्ट, सकाळी ११:४०

कृष्णाकाठ, तुमचा आदर ठेवून, मला हे पटत नाही. चोरून दिलेल्या पाण्याची शिक्षा मुलाला होते. वाईट वाटलं म्हणून नियम मोडायची मुभा कुणालाच नको, आजीलाही. काम द्यायचं असेल तर जरूर द्या, पण काटा हळदीची_पेठच्याच हातात हवा.

———

कृष्णाकाठ
७ ऑगस्ट, दुपारी १२:०२

बरोबर आहे तुमचं. मी माझं समर्थन केलेलं नाही.

———

पोस्टातला_माणूस
७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:३०

विषय थोडा वेगळा, पण राहून जातं म्हणून. टिल्लूचं यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलंत का? बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगतेचा दाखला मिळत असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीचाही खर्च त्यात काही प्रमाणात बसतो. ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर नवऱ्याच्या आयकरात सव्वा लाखाची वजावट (जुनी करपद्धत निवडली तरच). शिवाय जिल्हा रुग्णालयात लवकर निदान-उपचार केंद्र असतं, तिथे फिजिओथेरपी मोफत. रांगेचं मात्र माझ्या नावावर घालू नका.

———

हळदीची_पेठ
१७ ऑगस्ट, रात्री ११:३०

उशीर झाला. टिल्लूचा ताप गेला, झटके परत तीन-चारवर आलेत, पट्टी जांभळी आहे.

सांगितलं सासूबाईंना. नारळी पौर्णिमेच्या आदल्या रात्री, त्या खोबरं खवत बसल्या होत्या तेव्हा. बाटली पुढे ठेवली. म्हटलं, "आई, हे मी दिलं होतं. पाच चमचे. तुमच्या बोटापेक्षा जास्त साखर होती यात." खवणीवरून हात काढला नाही त्यांनी. बराच वेळ. मग म्हणाल्या, "मग 'मारायचंय का' असं मला का म्हणालीस?" मी रडले. त्या रडल्या नाहीत. नारळ पूर्ण खवून झाल्यावर विचारलं, "याला यातलं किती चालतं?"

मी वही दाखवली. त्यांना जवळचं नीट दिसत नाही, म्हणून मी वाचत गेले आणि त्या ऐकत. "तूप ३२ ग्रॅम? आणि ते पुड्यातलं आणतेस?"

तर आता आमच्याकडे तूप घरचं. साय त्या साठवतात, विरजतात, ताक घुसळतात. मी आहारतज्ज्ञ मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या घरच्या लोण्यात पाणी किती राहिलं ते सांगता येत नाही, लोणी तोलून देऊ नका, कढवून तूप करा. तुपात बाकी काही उरत नाही, हिशेब पक्का. सासूबाईंना हे मॅडमपेक्षा जास्त पटलं. आता तूप कढताना खालची बेरी लाल व्हायला लागली की बोलावतात. पूर्वी लहानपणी आम्ही साखर घालून खायचो ती बेरी त्या आता सासऱ्यांना देतात आणि टिल्लूच्या दिशेने वाटीसुद्धा सरकवत नाहीत.

काल गोपाळकाला. आमच्या देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला लोण्याचा गोळा ठेवला. नैवेद्य दाखवून झाल्यावर त्यांनी तो उचलून थेट कढईत टाकला. म्हटलं, "आई, देवाचा प्रसाद कढवायचा?" तर म्हणाल्या, "देवाने खाल्लंय. आता याचं तोलायचं ते तू तोल."

रानजाई, काटा माझ्याच हातात आहे.

———

रानजाई
१८ ऑगस्ट, सकाळी ७:४५

:) ठीक आहे. एक गुण तुझ्या सासूबाईंना.

———

दोनवेळचा_बाप
१८ ऑगस्ट, सकाळी ९:१२

गणपतीत मोदकांचं काय करणार आहेस? आम्ही खवलेलं खोबरं, पनीर आणि तूप साच्यात दाबायचो, वेलची घालून, फ्रिजमध्ये घट्ट करून. मुलीला साच्याचा आकार महत्त्वाचा होता, चव नाही. ग्रॅम देत नाही, तुझ्या मॅडमकडून काढून घे. नारळ कोवळा की जून यानेही फरक पडतो.

———

हळदीची_पेठ
३ सप्टेंबर, रात्री १०:२०

दोनवेळचा_बाप, मोदक जमले. अकरा ग्रॅमचा एक. एकवीस करायचे होते, टिल्लूच्या वाट्याला दिवसाला एकच बसला. उरलेले वीस घरातल्या इतरांनी खाल्ले. सासऱ्यांनी तोंड वाकडं करून.

काल गौरी गेल्या. मधले दोन दिवस वाईट होते. जागरण झालं, लोक येत-जात होते, झटके दहावर गेले. यात कुणीच काही दिलेलं नव्हतं. मी वही परत परत तपासली, एक ग्रॅम चुकलेला नाही. सासूबाई म्हणाल्या, "कधी कधी होतं तसं." हे वाक्य पूर्वी मला खपायचं नाही.

हळदीकुंकवाला आलेली एक बाई टिल्लूच्या हातात पेढा ठेवायला गेली. मी स्वयंपाकघरातून बघितलं, धावत निघाले. त्याआधी सासूबाईंनीच तिचा हात धरला होता. "त्याचा उपास असतो," म्हणाल्या. कृष्णाकाठ, दोनवेळचा_बाप, तुमच्या दोघांचं त्यांना वाचून दाखवलं होतं.

———

नवी_सदस्य_कोयना
३ सप्टेंबर, रात्री ११:०४

नमस्कार. धागा आत्ता शोधताना सापडला. माझी मुलगी सात महिन्यांची आहे. चारेक दिवस झाले, झोपून उठली की मान झुकवते आणि हात उडवते, दचकल्यासारखी. सहा-सात वेळा लागोपाठ. मग रडते. सगळे गॅस म्हणतात. ग्राइप वॉटर चालू आहे. हसायची ती दोन-तीन दिवस हसलेली नाही. घाबरण्यासारखं आहे का?

———

हळदीची_पेठ
३ सप्टेंबर, रात्री ११:०९

मोबाईल उशाशी घेऊन झोपा. उठली की पहिल्यांदा व्हिडिओ काढा, पूर्ण अंग दिसेल असा, घोंगडं बाजूला करून. सकाळी ओपीडीची वाट न बघता तो व्हिडिओ बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ईईजी कुठे लगेच होईल ते विचारा. 'आठवड्याने बघू' म्हणाले तर बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. दचकणंही असेल, पण ते ईईजी बघून ठरू दे.

कुठे राहता? व्यनि करा. मी दीडपर्यंत जागीच असते, टिल्लूच्या उद्याच्या वाट्या तोलायच्या आहेत.